मोठ्या माणसांची शाळा

दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडते तेव्हां प्रवेशाच्या अर्जांचा ढीग आमच्या टेबलावर येतो. त्या अर्जाच्या तळाशीं 'पालकाची सही' अशी एक ओळ असते. बहुतेक पालक लेखणी घेतात, सही करितात आणि निघून जातात. कांहीं पालक मात्र त्या ओळीपाशीं येऊन थांबतात. ते इकडे तिकडे पाहतात, मग हळूच मुलाकडे पाहतात, आणि मुलगा जमिनीकडे पाहूं लागतो. आम्ही शाईची डबी पुढें सरकवितों. वीस वर्षें आम्ही शिकविण्याचा धंदा करीत आहों. परंतु त्या अर्ध्या मिनिटाची संवय आम्हांस अजून झालेली नाहीं. जो गृहस्थ आठ एकर जमिनीचा धनी आहे, किंवा शंभर-दीडशें मेंढरांचा कळप घेऊन रानोमाळ हिंडतो, ज्याच्या शब्दास गांवांत वजन आहे, त्याचा अंगठा येथें पोटच्या मुलासमोर कारकुनाच्या चिमटींत जातो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत, ज्यास २०२३ पर्यंत सरकारदप्तरीं उस्मानाबाद म्हणत, २०११ च्या शिरगणतींत सुमारें १६ लक्ष ५७ हजार माणसें मोजलीं गेलीं. सात वर्षांवरील दर शंभर माणसांत ७८ साक्षर होतीं. सबंध महाराष्ट्राचा आंकडा ८२ होता. पुरुष व स्त्रिया वेगळ्या काढल्या तर पुरुषांत सुमारें ८५ आणि स्त्रियांत सुमारें ७० असें प्रमाण पडतें. २०२१ सालीं व्हावयाची शिरगणति वेळेवर झाली नाहीं, तेव्हां अजून हेच आंकडे धरून बोलावें लागतें. मुलें तर आतां बहुतेक गांवांत शाळेंत जातात. मग हे जे राहिले ते कोण? बाल-विद्यार्थ्यांनो, ते तुमचे आजी-आजोबा आहेत, कित्येकांच्या आया आहेत, आणि थोड्याफार जणांचे वडीलहि आहेत.

ह्यावर एक युक्तिवाद वारंवार ऐकूं येतो, आणि तो कांहीं निर्बुद्ध लोकांचा नव्हे. मुलें शिकत आहेत. आणखी वीस-पंचवीस वर्षांत जुनी पिढी सरेल आणि तिच्याबरोबर निरक्षरताहि सरेल. मग म्हाताऱ्यांच्या हातीं पाटी देण्यांत श्रम व पैसा कां घालवावा, असें चांगले शिकलेसवरलेले लोक म्हणतात. खरें सांगावयाचें तर आम्हीहि पूर्वीं असेंच म्हणत असूं. परंतु ह्या हिशेबांत माणसांच्या मरणाची वाट पाहून आंकडा सुधारण्याची योजना आहे, हें आमच्या उशिरां ध्यानांत आलें. ज्या बाईचें वय आज पंचेचाळीस आहे तिला अजून तीस वर्षें बाजार करावयाचा आहे, दवाखान्यांत औषधाची बाटली ओळखावयाची आहे, जमिनीच्या कागदावर अंगठा उठवावयाचा आहे. तो कागद कांहीं तिच्यासाठीं तीस वर्षें थांबणार नाहीं.

कागदानें शेतकऱ्याचें काय होतें हें ह्या मुलुखानें एकदां चांगलें पाहिलें आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, आणि तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरलें. इतिहासांत ह्यांस दख्खनचे दंगे म्हणतात. ह्या दंग्यांतील लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या जीवावर नव्हता, तर त्याच्या पेटींतल्या दस्तऐवजांवर होता. रोखे, खतें, गहाणखतें बाहेर काढावयास लावून त्यांची होळी केली गेली. जो कागद आपणांस वाचतां येत नाहीं, पण जो आपलें शेत ओढून नेतो, त्याचें दुसरें काय करावयाचें? पुढें सरकारनें चौकशी बसविली, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यांत शेतकऱ्यानें करून दिलेला दस्त गांवच्या सरकारी निबंधकासमोर व्हावा अशी तजवीज होती. म्हणजे ज्याला वाचतां येत नाहीं त्याच्या शेजारीं वाचणारा एक माणूस बसवावा, एवढेंच सरकारला सुचलें.

त्या शेतकऱ्याला स्वतःलाच वाचावयास शिकवावें, हें जोतीराव फुले ह्यांना त्याच्या वीस वर्षें आधीं सुचलें होतें. १८५५ सालीं त्यांनीं व सावित्रीबाईंनीं पुण्यास आपल्या घरीं रात्रीची शाळा उघडली. दिवसभर राबलेले शेतकरी व मजूर, पुरुष आणि स्त्रिया, काम आटोपून तेथें येत. जोतीरावांचें स्वतःचें शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें होतें, आणि अहमदनगर येथील मिस फॅरर ह्यांची मुलींची शाळा त्यांनीं जाऊन पाहिली होती, हें मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या मुलांनीं ठाऊक करून घ्यावें. मात्र तेवढ्यावरून त्यांच्या कार्याचें श्रेय आपल्या पदरीं बांधूं नये.

मिशनऱ्यांच्या प्रौढशिक्षणाविषयींहि मोकळेपणानें बोललें पाहिजे. तें निर्हेतुक नव्हतें. मंडळींत आलेल्या प्रत्येकास, मग तो मांग असो, महार असो कीं ब्राह्मण असो, पवित्र शास्त्र स्वतःच्या डोळ्यांनीं वाचतां यावें, हा त्यांचा हेतु होता, आणि गांवकऱ्यांस त्याचा संशय येई तो अगदींच निराधार नव्हता. परंतु एकदां अक्षर हातीं आलें म्हणजे त्यानें काय वाचावें हें शिकविणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं. लक्ष्मीबाई टिळक ह्यांची गोष्ट पाहा. त्यांचा जन्म १८६८ सालचा. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. अक्षरें शिकविलीं तीं लग्नानंतर त्यांच्या यजमानांनीं, कवि नारायण वामन टिळकांनीं. त्याच बाईंनीं उतारवयांत 'स्मृतिचित्रें' लिहिलीं. पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि पदव्या मिळविलेल्या कितीतरी लेखकांचीं पुस्तकें धूळ खात पडलीं असतां हें पुस्तक आजहि वाचलें जातें. वय झालेल्या माणसास विद्या येत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं ह्याचें उत्तर द्यावें.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. घरांत मराठी, गांवच्या दप्तरांत मोडी आणि कचेरींत उर्दू, अशा तीन दरवाजांतून शेतकऱ्याला जावें लागे, आणि तिन्ही दरवाजे त्याला बंदच असत. मराठींतून शिकविणाऱ्या शाळा थोड्या. लोहारा तालुक्यांतील हिप्परगें येथें १९२१ सालीं लोकांनीं राष्ट्रीय शाळा काढली, जेथें पुढें स्वामी रामानंद तीर्थ ह्यांनीं शिक्षकाचें काम केलें, ती अशांपैकीं एक. त्या काळचें ओझें अजून उतरलेलें नाहीं. २०२३ सालीं सरकारनें कुणबी नोंदींच्या शोधासाठीं मराठवाड्यांतील निजामकाळचीं दप्तरें उघडविलीं, तेव्हां तीं वाचावयास मोडी व उर्दू जाणणारीं माणसें हुडकावीं लागलीं. मोठमोठे पदवीधर कागद हातीं धरून उभे, आणि वाचणारा एखादा म्हातारा मोडीवाला! आमच्या घरींहि एक जुना कागद आहे. आम्हीं तो मोठ्या गांभीर्यानें डोळ्यांसमोर धरिला होता, आणि तो उलटा धरिला आहे हें एका जाणत्या गृहस्थानें आम्हांस दाखवून दिलें. प्रवेशाच्या दिवशीं टेबलापलीकडच्या माणसास काय वाटत असेल ह्याची चव त्या दिवशीं आम्हांस कळली.

आजचा कागद मराठींत आहे, हा मोठाच लाभ. सातबाऱ्यावर नांव कोणाचें, क्षेत्र किती, इतर हक्कांत कोणाचा बोजा चढला आहे, फेरफार कोणत्या क्रमांकानें झाला, पीकविम्याच्या अर्जांत सोयाबीन लिहिलें कीं उडीद, हें सर्व वाचण्याजोगें आहे. फक्त वाचणारा पाहिजे. बाप वारल्यावर वारसांच्या नोंदी होतात त्या वेळीं सासरहून आलेल्या बहिणीस 'येथें अंगठा कर' असें सांगतात. तिला वाटतें आपलें नांव लागत आहे, आणि तो कागद असतो हक्कसोडपत्राचा. अशी एक तरी कथा ज्या गांवांत नाहीं असें गांव आम्हांस अजून भेटावयाचें आहे. ऊंसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचेंहि तेंच. नवराबायकोच्या जोडीस तेथें 'एक कोयता' म्हणतात. मुकादम कोयत्यावर उचल देतो, आणि हंगामाच्या अखेरीस किती फिटली व किती अंगावर राहिली तें मुकादमाच्या वहींत असतें. घाम एकाचा आणि वही दुसऱ्याची.

अलीकडे एक नवीनच पेंच उभा राहिला आहे. रेशनच्या दुकानांत यंत्रावर अंगठा ठेविल्याशिवाय धान्य मिळत नाहीं. तेव्हां लोक म्हणतात, "आतां शिकलेल्यालाबी अंगठाच द्यावा लागतोय, मग आमीच बरं!" विनोद चांगला आहे. परंतु ह्या यंत्राला दगड फोडून, खुरपून झिजलेला अंगठा पुष्कळदां ओळखूंच येत नाहीं, आणि ओळखला तरी त्या अंगठ्यावर किती किलो धान्य लिहिलें गेलें हें अंगठा सांगत नाहीं. पावतीवरचा आंकडा वाचावाच लागतो.

येथें आमच्या विद्यार्थ्यांस एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. निरक्षर म्हणजे अज्ञानी, ही समजूत त्यांनीं सोडून द्यावी. आपल्या जिल्ह्याचें नांव ज्या एका प्राण्यामुळें देशभरच्या पशुवैद्यांच्या तोंडीं आहे ती उस्मानाबादी शेळी पाहा. काळीभोर, कमी चाऱ्यावर तग धरणारी, वरचेवर जुळीं देणारी. ही जात कोणा महाविद्यालयानें निपजविली नाहीं. ज्यांस स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें अशा माणसांनीं, कोणता बोकड ठेवावा आणि कोणता विकावा हें पिढ्यान्‌पिढ्या पारखून ती आपल्या हातीं दिली आहे. एका वृद्ध धनगरास आम्हीं विचारिलें, मेंढरें किती? तो म्हणाला, "पाच इसा आन् सात." विसाच्या मापानें मोजणारा हा मनुष्य सांज होतांच वाड्याच्या तोंडाशीं उभा राहून कळप आंत जातां जातां एक मेंढरूं कमी आहे हें सांगतो, आणि कोणतें तेंहि सांगतो. आमच्या दहावीच्या वर्गांतील हजेरी घेतांना आम्हांस तें साधत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं बालाघाटाच्या कडेच्या एका लहान खेड्यांत रात्रीचा वर्ग चालविला होता. देवळाच्या ओसरीवर दिवा होता, पाट्या होत्या, खडू होते, आणि आमच्या अंगीं उत्साह तर ओसंडून जात होता. पहिल्या रात्रीं तेवीस माणसें आलीं. आम्हीं शाळेंतून पहिलीचीं पुस्तकें नेलीं होतीं, आणि बदकाचें चित्र दाखवून 'ब' शिकवूं लागलों. माणसें निमूटपणें 'ब' म्हणालीं. दुसऱ्या आठवड्यांत चौदा आलीं, तिसऱ्यांत सहा. चौथ्यांत एकटाच एक वयस्क मेंढपाळ आला, आणि तोहि बहुधा आमची कींव येऊन. तो म्हणाला, "गुर्जी, राग नगा मानू. ह्ये बदक आमी कवा पाळलं न्हाई. आमाला तलाठ्याचा कागुद वाचाया शिकवा." आम्हीं त्यास सांगितलें कीं आधीं मुळाक्षरें, मग बाराखडी, मग जोडाक्षरें, आणि मग कागद. तो हंसला आणि म्हणाला, "तवर म्या मरून जाईन की." दुसऱ्या दिवशींपासून तोहि आला नाहीं. वर्ग बंद पडला, आणि अहवालांत आम्हीं 'गांवकऱ्यांच्या अनास्थेमुळें' असें लिहिलें. तें वाक्य खोटें होतें. आजवर आम्हीं लिहिलेल्या वाक्यांत त्याची आम्हांस सर्वांत अधिक लाज वाटते.

पुढें वाचनांत आलें कीं ही चूक जगांत पुष्कळांनीं केली आहे व कांहींनीं सुधारलीहि आहे. डॉ. फ्रँक लॉबाक नांवाचे एक मिशनरी १९३० च्या सुमारास फिलिपाईन्स बेटांतील मारानाओ लोकांत काम करीत होते. नवा साक्षर झालेल्या प्रत्येकानें आणखी एकास शिकवावें ही पद्धति त्यांनीं तेथें चालू केली, आणि १९३५ सालीं ते आपल्या देशांतहि येऊन गेले. शिकविणाऱ्यानें प्रौढ विद्यार्थ्याच्या समोर उभें न राहतां त्याच्या शेजारीं बसावें, आणि त्याला कधींहि कमीपणा वाटूं देऊं नये, असा त्यांचा कटाक्ष असे. शास्त्र वाचणाऱ्यांस ह्यांत नवल वाटूं नये. प्रेषितांच्या कृत्यांत एक हबशी अधिकारी रथांत बसून ग्रंथ वाचीत चालला आहे. शब्द वाचतां येतात, अर्थ लागत नाहीं. फिलिप धांवत येतो, तो रस्त्यांत उभा राहून प्रवचन करीत नाहीं. तो रथांत चढून त्याच्या शेजारीं बसतो. दुसरें उदाहरण ब्राझील देशाचें. तेथें पावलो फ्रेअरे ह्यांनीं १९६३ सालीं अँजिकोस ह्या गांवीं सुमारें ३०० मजुरांस ४५ दिवसांत वाचावयास शिकविलें. त्यांची युक्ति एवढीच होती कीं, पहिला शब्द शिकणाऱ्याच्या जगण्यांतून घ्यावा. आमच्या त्या मेंढपाळानें ब्राझीलचें नांवहि ऐकलें नव्हतें; परंतु हेंच तो आम्हांस सांगत होता, आणि आम्ही त्यास बदक दाखवीत होतों.

सरकारनें कांहीं केलें नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम निघाली आणि पुढें ती राज्यभर पसरली. सारें गांव साक्षर झालें म्हणजे ग्रामगौरवाचा समारंभ होई, आणि लोक त्यांत सणासारखे उतरत. त्यानंतर १९७८ सालीं राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ सालीं राष्ट्रीय साक्षरता मिशन, २००९ सालीं साक्षर भारत, आणि २०२२ पासून २०२७ पर्यंतचा 'उल्लास' कार्यक्रम, ज्यांत पंधरा वर्षांवरील निरक्षरांस स्वयंसेवकांनीं विनामूल्य शिकवावयाचें आहे. त्याची आपल्या राज्यांतील परीक्षा १७ मार्च २०२४ रोजीं झाली. सासू-सून एका बांकावर बसून पेपर लिहितात हें दृश्य कोणासहि आवडावें.

आमची तक्रार निराळी आहे. ह्या प्रत्येक मोहिमेंत मोजणी लवकर सुरू होते आणि शिकवणें मागें पडतें. इतक्या गांवांत इतके साक्षर, असा तक्ता वर पाठवावयाचा असतो. तो भरावयाचा असतो गुरुजींनीं. आणि गुरुजी हाहि मनुष्यच आहे. श्री. रमेश इंगळे उत्रादकर ह्यांची 'निशाणी डावा अंगठा' ही २००५ सालची कादंबरी ज्या पालकांनीं वाचली असेल त्यांस ह्याहून अधिक सांगावयास नको. ती वाचतांना आम्ही हंसलों खरे. पण मध्येंच आमच्या त्या अहवालाची आठवण होऊन हंसूं मावळलें. शिवाय जो नुकताच वाचावयास शिकला त्याच्या घरीं वाचावयास कांहीं नसेल, तर दोन पावसाळ्यांत तो पुन्हां होता तेथें येतो. शेतास पाणी देऊन बियाणें उगवावें आणि मग पाणी तोडावें, तशांतला हा प्रकार. प्रमाणपत्र तेवढें भिंतीवर राहतें.

गरज पटली म्हणजे काय होतें हें पाहावयाचें असेल तर म्हसवडला जावें. सातारा जिल्ह्याचा माण तालुका आपल्यासारखाच दुष्काळी, मेंढरांचा. तेथें श्रीमती चेतना सिन्हा ह्यांनीं गरीब स्त्रियांची बँक काढावयाचें ठरविलें. १९९६ सालीं रिझर्व्ह बँकेनें अर्ज नाकारिला, कारण बँक काढणाऱ्या स्त्रियांपैकीं अनेक निरक्षर होत्या. त्या स्त्रिया घरीं येऊन रडत बसल्या नाहींत. त्यांनीं वर्ग सुरू केला. कांहीं महिन्यांनीं पुन्हां त्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या कीं, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडीं करितों, तुम्हीहि यंत्राशिवाय करून दाखवा! १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्यांस अक्षर शिकावें असें कोणीं समजावून सांगावें लागलें नाहीं. आपल्या जिल्ह्यांतहि ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर असेंच कांहींसें दिसलें. सास्तूर व लोहारा भागांत घरें पडलीं, माणसें गेलीं, आणि मागें राहिलेल्यांच्या पुढें मदतीच्या व घरदुरुस्तीच्या कागदांचा डोंगर आला. तेव्हां प्रेमा गोपालन ह्यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेनें गांवोगांवच्या बायकांनाच 'संवाद सहायक' म्हणून उभें केलें. ज्या बायका पूर्वीं चावडीपुढून डोक्यावरचा पदर सांवरून जात, त्या इंजिनियराशीं सिमेंटच्या हिशेबाबद्दल बोलूं लागल्या.

आतां वेळेचा प्रश्न. प्रौढांचे वर्ग ओस पडतात ह्याचें निम्में कारण पंचांगांत आहे. मृगाची पेरणी, मग खुरपणी, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी; ती होते न होते तोंच ऊंसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या-ट्रॅक्टर भरून निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. रब्बीची ज्वारी माघ-फाल्गुनांत. पाऊस सरला कीं धनगर घोड्यावर बिऱ्हाड लादून चराईस बाहेर पडतात, दुसऱ्यांच्या शेतांत खतासाठीं मेंढरें बसवितात, आणि मृगाच्या आगेमागें घरीं येतात. आणि आमचे वर्ग कधीं सुरू होतात? बहुधा हिंवाळ्यांत, कारण तेव्हां हवा चांगली असते आणि वर्षाच्या आंत तक्ता भरावयाचा असतो! चैत्र-वैशाखांत रान रिकामें असतें, तोडीचीं माणसें परत आलेलीं असतात, आणि नेमक्या त्याच वेळीं आपल्या शाळेच्या साऱ्या मुलामुलींना सुटी असते. हा योग कोणाच्या ध्यानांत कसा आला नाहीं, ह्याचें आम्हांस नवल वाटतें. राहतां राहिले कळपामागें गेलेले. त्यांच्यासाठीं आषाढ-श्रावणांतील झडीच्या रात्री आहेत.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या आठवींतील एका मुलीनें कोणी न सांगतां आपल्या आजीस शिकविलें. आजी पासष्टीच्या पुढची. पहिला शब्द स्वतःचें नांव, दुसरा शब्द मेलेल्या म्हशीचें नांव. हा क्रम आजीनेंच ठरविला. दीड महिन्यांत आजी नांव लिहूं लागली, एस्. टी. वरची पाटी अक्षर लावून वाचूं लागली, आणि निराधारांच्या पेन्शनीचे पैसे काढावयास मोठ्या डौलांत एका बँकेंत गेली. तिनें पावतीवर सही केली. कारकून म्हणाला, "आजी, खात्यावर अंगठा आहे, सही चालणार नाहीं. बदलायचं असेल तर अर्ज करा." तो नियम असेलहि बरोबर. अर्ज दोन पानी, साक्षीदार दोन, छायाचित्र एक. नातीनें तो भरला. आणि अंगठ्याऐवजीं सही चालू करावी अशा त्या अर्जाच्या तळाशीं, जुनी ओळख पटावी म्हणून, आजीस अंगठाच द्यावा लागला. मुलगी हें सांगतांना रागानें लाल झाली होती. आजी मात्र, तिच्या सांगण्याप्रमाणें, शाई पदरास पुसून म्हणाली, "ह्यो शेवटचा." पुढील महिन्यांत तिनें सही करून पैसे काढले. कारकुनानें ती सही वहीशीं तीन वेळां ताडून पाहिली म्हणतात. आजीचें अक्षर दर वेळीं थोडें निराळें येतें.

म्हणून येत्या उन्हाळ्याच्या सुटींत आठवी व नववीच्या ज्या मुलामुलींची इच्छा असेल त्यांनीं प्रत्येकीं एक माणूस हातीं घ्यावें, असें आम्हीं ठरविलें आहे. एकच घ्यावें, दोघांचा लोभ धरूं नये. तें माणूस घरचें असावें किंवा शेजारचें, आणि शक्य तर बाई असावी. पहिला शब्द कोणता हें त्यांस विचारावें. शेजारीं बसावें, समोर नव्हे. आपणांस गुरुजींनीं जसें दटाविलें तसें आजीस दटावूं नये. आजीनें पूर्वीं आपणांस कसें चालावयास शिकविलें तें आठवावें. रोज अर्धा तास पुरे, आणि शेजारपाजारचे लोक पाहावयास जमत असतील तर दार लोटून घ्यावें. 'उल्लास'च्या परीक्षेस कोणास बसावयाचें असल्यास अवश्य बसावें. पण परीक्षेपूर्वीं एकदां घरच्या सातबाऱ्यावरील नांव त्यांच्याकडून वाचून घ्यावें, आणि तें कोणाचें आहे हें त्यांस स्वतः कळूं द्यावें. त्यावरून घरांत कांहीं बोलणें निघालें तर मुलांनीं भिऊं नये.

पालकांस, विशेषेंकरून वडीलमंडळींस, एवढीच विनंति आहे कीं, घरची बाई पाटी घेऊन बसली असतां कोणीं हंसूं नये, आणि त्या अर्ध्या तासापायीं भाकरी उशिरां झाली तर चालवून घ्यावें. स्वतःहि शेजारीं येऊन बसल्यास उत्तम. प्रवेशाच्या दिवशीं आमची शाईची डबी बंद राहील.

नांवें वार्षिक परीक्षेपूर्वीं वर्गशिक्षकांकडे द्यावीं. पाट्या, खडू आणि सातबाऱ्याचे कोरे नमुने शाळेंतून मिळतील. बदकाचें पुस्तक मिळणार नाहीं.